धूर जातो कुठे?

आपल्या घरात गाडीचं सर्व्हिसिंग ठरल्या तारखेला होतं. पाण्याच्या फिल्टरसाठी माणूस येऊन जातो. एसी उन्हाळ्याआधी धुऊन घेतला जातो. पण ओट्यावरची चिमणी शेवटची कधी साफ केली, असं विचारलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. आणि तिचा पाइप नेमका कुठे उघडतो, असं विचारलं तर बहुतेकांना आधी जाऊन बघावं लागतं.

जुना खोकला, दमा, वारंवार होणारी सर्दी किंवा सकाळी अंघोळीनंतर येणारी चक्कर अशा तक्रारी घेऊन आलेल्यांना मी हे दोन प्रश्न विचारतो. काहींना गंमत वाटते. डॉक्टरांना आमच्या स्वयंपाकघरात एवढा रस का? तर त्याचं कारण असं, की घरात जे जे जळतं त्याचा धूर आणि वायू दोनच ठिकाणी जाऊ शकतात. एक, घराबाहेर. दोन, घरातल्यांच्या फुफ्फुसात. तिसरी जागा नाही.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. चिमणी ही फर्निचरची वस्तू नाही, तब्येतीची वस्तू आहे. नुसती बसवून तिचा फायदा मिळत नाही. ती घराबाहेर उघडत असेल आणि साफ असेल, तरच मिळतो. आणि पुण्यातल्या घरांत चिमणीपेक्षाही मोठा धोका बाथरूममध्ये लावलेल्या गॅस गीझरचा आहे, ज्याच्या धुराचा विचार आपण करतच नाही, कारण तो दिसत नाही.

धुराडं गेलं, धूर राहिला

पेठांतल्या जुन्या वाड्यांत चूल, कोळशाची शेगडी आणि अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब असे तीन विस्तव रोज पेटत. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे बंब ठोकून तयार होत. त्यांची रचना बघण्यासारखी आहे. बंबाच्या पोटातून एक उभी नळी जाते. खाली निखारे, नळीभोवती पाणी आणि नळीच्या वरच्या तोंडातून धूर बाहेर. म्हणजे ती नळी हीच बंबाची चिमणी. चुलीच्या वर भिंतीत किंवा छपरात धुराडं असे. शिवाय कौलांच्या फटींतून, माडीच्या जिन्यातून, उघड्या चौकातून हवा खेळत राही.

याचा अर्थ तेव्हाची स्वयंपाकघरं निरोगी होती असा अजिबात नाही. काळ्या पडलेल्या भिंती आणि फुंकणीने फुंकून लाल झालेले डोळे आठवणारी पिढी अजून आपल्यात आहे. पण घर फटींचं होतं, एवढं मात्र खरं.

मग स्लॅबची घरं आली, फ्लॅट आले. खिडक्यांना सरकत्या काचा बसल्या. डासांमुळे जाळ्या आल्या, धुळीमुळे काचा कायम बंद राहू लागल्या. ड्राय बाल्कनी काचेने बंद करून तिथे वॉशिंग मशीन गेलं. विस्तव बदलला, चुलीच्या जागी गॅस आला, ही फार मोठी सुधारणा झाली. पण त्याच वेळी घराच्या फटी बुजल्या. जळणाऱ्या वस्तूला लागणारी ताजी हवा आणि जळून झालेल्या वायूला लागणारी वाट, दोन्ही अरुंद झाल्या.

गॅसवर स्वयंपाक करतो, मग कसला धूर?

हा प्रश्न रास्त आहे. लाकूड, गोवऱ्या किंवा कोळशाच्या मानाने सिलिंडरचा किंवा पाइपचा गॅस कितीतरी स्वच्छ जळतो. तरी दोन गोष्टी उरतात.

पहिली गोष्ट ज्योतीची. गॅसची निळी ज्योतसुद्धा नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा वायू तयार करते. तो श्वासनलिकांना झोंबतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, पण दमा असलेल्या मुलाला जाणवू शकतं. ज्योत पिवळी पडत असेल आणि भांड्याचं बूड काळं होत असेल, तर गॅस नीट जळत नाही. अशा वेळी बर्नर साफ करणं हे पहिलं काम.

दुसरी गोष्ट तेलाची. फोडणीचा ठसका, पुऱ्या-भजी तळतानाचा भपका, तव्यावर जळलेल्या तेलाचा निळसर धूर. यात अतिसूक्ष्म कण असतात. त्यातले सर्वांत बारीक कण नाकातल्या केसांत अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात कडक आचेवर तळताना निघणाऱ्या धुराला ‘बहुधा कर्करोगजनक’ या गटात ठेवलं आहे. घरात कोळसा जाळण्याच्या धुराला त्याच अहवालाने ‘निश्चित कर्करोगजनक’ म्हटलं आहे. उद्यापासून भजी बंद, असा याचा अर्थ नाही. महिन्यातून चार वेळा तळण केल्याने कोणाला कर्करोग होईल असं मी म्हणत नाही. पण रोज दोन-तीन तास बंद स्वयंपाकघरात उभं राहणारी व्यक्ती, मग ती घरातली असो किंवा पाच घरी पोळ्या करणाऱ्या मावशी असोत, हा धूर वर्षानुवर्षं घेत असते.

सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार, मोठ्या प्रमाणावर होतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा मुद्दा ठळकपणे मांडला. जगात सुमारे १०० कोटी माणसं धूम्रपान करतात, तर सुमारे ३०० कोटी माणसं लाकूड-गोवऱ्यांसारख्या इंधनाच्या धुरात असतात, हा त्यांचा हिशोब होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

तेव्हा ‘मी आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही, मग मला हा आजार कसा?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा स्वयंपाकघरात असतं.

चिमणीने खरंच फरक पडतो का?

पडतो. आणि कधी पडत नाही, तेही आपल्याला माहीत आहे.

चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. तिथे लोक घराच्या मधोमध खड्डा करून त्यात धुराचा दगडी कोळसा जाळत. धुराला वाट नव्हती. तिथल्या बायका क्वचितच धूम्रपान करत, तरी त्यांच्यातलं फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण देशात सर्वाधिक असणाऱ्यांत होतं. १९७० च्या दशकापासून तिथे घरोघरी धुराडं असलेल्या शेगड्या येऊ लागल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की धुराडं लावलेल्या घरांतल्या स्त्री-पुरुषांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका चाळीस टक्क्यांहून अधिक कमी झाला होता. कोळसा तोच, माणसं तीच. फरक फक्त धुराच्या वाटेचा.

आता दुसरी बाजू. ओडिशातल्या खेड्यांत चिमणी असलेल्या सुधारित चुली दिल्या गेल्या आणि रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी त्या घरांचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. त्यानंतर फरक उरला नाही आणि तब्येतीतही सुधारणा दिसली नाही. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, बिघडल्या तेव्हा त्यांची डागडुजी झाली नाही आणि हळूहळू त्या मागे पडल्या.

आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांतही सुधारित चुली बसवण्याआधी आणि एक वर्षानंतर घरातली हवा मोजली गेली होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात धूर कमी झालेला दिसला, पण संपलेला नव्हता.

या तिन्हींतून मी एकच गोष्ट घेतो. धुराला बाहेर काढलं तर जीव वाचतात, पण चिमणीचा फायदा तिची देखभाल होते तेवढाच काळ टिकतो. ओडिशातली मातीची चूल असो किंवा बाणेरच्या फ्लॅटमधली बटणाची चिमणी असो, नियम एकच.

ओट्यावरच्या चिमणीबद्दल चार गोष्टी

*पहिली, पाइप.* दुकानात ‘डक्टलेस’ चिमणी मिळते. तिला बाहेर जाणारा पाइप नसतो. ती हवा ओढते, जाळीत तेल अडकवते, कोळशाच्या फिल्टरमधून वास कमी करते आणि तीच हवा परत स्वयंपाकघरात सोडते. कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू हा फिल्टर अडवत नाही. ज्या घरात भिंतीला भोक पाडणं अशक्यच आहे, तिथे अशी चिमणी तेलकटपणा कमी करण्यासाठी ठीक. पण तिच्याकडून धूर बाहेर काढण्याची अपेक्षा ठेवू नका. पैसे तेवढेच खर्च करायचे असतील, तर खिडकीत चांगला एक्झॉस्ट पंखा लावणं मी जास्त पसंत करीन.

*दुसरी, पाइपचं तोंड.* पाइप आहे, पण तो फॉल्स सीलिंगच्या पोकळीत, काचेने बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत किंवा शेजाऱ्याच्या खिडकीखाली उघडतो, असं होऊ देऊ नका. पाइप शक्य तितका आखूड, सरळ आणि मोकळ्या हवेत उघडणारा हवा. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते.

*तिसरी, सफाई.* जाळीचा फिल्टर असेल आणि रोजचा फोडणीचा स्वयंपाक असेल, तर साधारण पंधरा दिवसांनी, पट्ट्यांचा म्हणजे बॅफल फिल्टर असेल तर महिन्याने, गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. ‘ऑटो क्लीन’ लिहिलेल्या चिमणीतही तेल साठण्याची वाटी असते, ती आपणच रिकामी करायची. पाइपच्या आतला थर वर्षातून एकदा माणूस बोलावून काढून घ्या. तेलाने माखलेली चिमणी धूर ओढत नाही, हा एक तोटा. त्या तेलाला कढईतल्या भडक्याने आग लागू शकते, हा त्याहून मोठा.

*चौथी, आत येणारी हवा.* चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते, तेवढी कुठून तरी आत यायला हवी. सगळी दारं-खिडक्या बंद करून चिमणी जोरात लावली, तर ती बाजूच्या बाथरूममधल्या गॅस गीझरचा वायूही घरात उलटा ओढू शकते. म्हणून चिमणी चालू असताना एखादी खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा. फोडणी द्यायच्या आधी चिमणी लावा आणि गॅस बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं चालू राहू द्या. मागच्या शेगडीवर तळण केलं, तर चिमणी ते जास्त चांगलं ओढते.

ज्याला वास नाही, तो वायू

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

गॅस गळला की वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामुळे लोकांना वाटतं, वास नाही म्हणजे धोका नाही. पण गॅस, कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळलं, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण रक्त प्राणवायू वाहून नेत नाही.

लक्षणं फसवी असतात. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, पाय गळून जाणं. पित्त झालं असेल, उपाशीपोटी अंघोळ केली म्हणून असेल, असं वाटतं. बाहेर आल्यावर अर्ध्या तासात बरं वाटतं आणि विषय संपतो. पाय गळाल्यामुळे माणूस कडी उघडायला उठूच शकला नाही, तर मात्र पुढे काय होतं ते आपण हिवाळ्यात अधूनमधून वर्तमानपत्रात वाचतो. बातमीत ‘बाथरूममध्ये गुदमरून’ असं लिहिलेलं असतं.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. गरम पाणी जास्त लागतं आणि बाथरूमची झडप वारा येतो म्हणून बंद केली जाते. चार बाय सहाच्या जागेत गॅस गीझर लागोपाठ तिघांच्या अंघोळीसाठी चालू राहतो. यात निष्काळजीपणा कोणाचाच नाही. जागेचं गणितच चुकलेलं आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे: गॅस गीझर बाथरूमच्या आत असताच कामा नये. ‘खिडकी उघडी ठेवतो’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण खिडकी बंद करणं हा थंडीतला सगळ्यांचा स्वभाव आहे. गीझर मोकळ्या बाल्कनीत, बाहेरच्या हवेत लावा आणि पाणी नळाने आत आणा. काचेने बंद केलेली ड्राय बाल्कनी मोकळी धरायची नाही. तोवर गीझर बदलता येत नसेल, तर दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मगच अंघोळीला जा. सोलर किंवा विजेचा गीझर परवडत असेल, तर हा प्रश्नच मिटतो.

शेगडी: बाळंतीण, वॉचमन आणि सहल

गीझर फक्त एक उदाहरण झालं. कोळशाची शेगडी तर त्याहून जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडते. निखारे लाल झाले, धूर दिसेनासा झाला, की शेगडी आत आणायची, अशी आपल्याकडे पद्धत आहे. दिसणारा धूर थांबतो हे खरं, पण न दिसणारा वायू निघतच असतो.

बाळंतिणीला शेक आणि बाळाला ओवा, वावडिंग, बाळंतशेपाची धुरी देण्याची चाल अजून अनेक घरांत आहे. आजीच्या मायेबद्दल शंका नाही. अंग शेकल्याने बाळंतिणीला बरं वाटतं, हेही खरं. पण दार लावून, पडदे सोडून, पलंगाखाली शेगडी ठेवणं घातक आहे. बाळाच्या श्वासनलिका अगदी बारीक असतात आणि त्याला ‘डोकं दुखतंय’ असं सांगता येत नाही. ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी आहे, विजेचा शेक आहे, दुपटं आहे. बाळाला धुरी देऊ नका, असं मी स्वच्छ सांगतो. आजींना हे समजावताना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नका. ‘तुमच्या वेळी कौलं होती, आता स्लॅब आहे’ असं म्हणा. त्यांना ते लगेच पटतं, कारण ते खरं आहे.

दुसरी माणसं म्हणजे आपल्या सोसायटीचे वॉचमन आणि बांधकामावरचे मजूर. रात्री केबिनचं दार लावून घमेल्यात निखारे ठेवून झोपणं, पत्र्याच्या खोलीत चूल विझत ठेवून झोपणं हे दर थंडीत चालतं. आपण त्यांना स्वेटर देतो, चहा देतो, तसं हेही सांगायला हवं. केबिनमध्ये एक छोटा विजेचा हीटर दिला, तर वीजबिलात फार फरक पडणार नाही.

तिसरी सहल. महाबळेश्वर-पाचगणीच्या काही जुन्या बंगल्यांत खरी फायरप्लेस असते आणि हौसेने ती पेटवावीशी वाटते. वर्षभर न वापरलेल्या धुराड्यात पालापाचोळा, कोळिष्टकं आणि अक्षरशः चिमणीचं घरटंही असू शकतं. धुराडं कधी साफ केलं, हे मालकाला विचारल्याशिवाय पेटवू नका. धूर खोलीत परतताना दिसला तर लगेच विझवा. आणि तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी घेऊन झोपू नका, मग हॉटेलवाल्याने ती कितीही अगत्याने आणून दिलेली असो.

ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांनी तिकडच्या घरात छताला किंवा भिंतीला लावलेला छोटा पांढरा अलार्म पाहिला असेल. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात, स्वयंपाकाची गॅस शेगडी वगळता, इंधन जाळणारं कोणतंही पक्कं बसवलेलं उपकरण असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं घरमालकाला बंधनकारक आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही. पण हा अलार्म इथेही मिळतो आणि ज्या घरात गॅस गीझर आहे तिथे तो असावा, असं मला वाटतं.

असं झालंच तर

- आधी स्वतःला सांभाळा. दार-खिडक्या उघडा, श्वास रोखून आत जा, गॅस बंद करा आणि माणसाला मोकळ्या हवेत आणा.
- शुद्ध नसेल किंवा श्वास चालू नसेल, तर १०८ ला फोन करा आणि येत असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा.
- बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका. कोविडमध्ये घरोघरी आलेलं हे यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि प्राणवायू असलेलं रक्त वेगळं ओळखत नाही. ते ९८ दाखवेल आणि माणूस तरीही गंभीर असेल.
- ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला, तर तेच काम तास-दीड तासात होतं.
- डॉक्टरांना ‘बाथरूममध्ये गॅस गीझर होता’ किंवा ‘शेगडी होती’ हे आपणहून सांगा. निदान त्या एका वाक्यावर अवलंबून असतं.
- गरोदर बाई असेल, तर तिला बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या. पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो.
- काही रुग्णांना दोन-तीन आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात फरक अशी लक्षणं दिसतात. तेव्हा पुन्हा दाखवा.

‘आम्हाला तर काही झालं नाही’

हे वाक्य मला नेहमी ऐकायला मिळतं. ‘माझ्या आजीने जन्मभर चुलीवर रांधलं आणि ती नव्वदीपर्यंत जगली.’ जगली असेल, आणि आनंद आहे. पण ज्या आज्या पन्नाशीतच ‘दम लागतो’ म्हणत ओसरीवर बसून राहिल्या, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. बाईमाणसाला दम लागणं हे त्या काळी वयाच्या खाती टाकलं जायचं.

‘दहा वर्षं गीझर बाथरूममध्येच आहे, काही झालं नाही,’ हे दुसरं वाक्य. दहा वर्षं झडप उघडी राहिली असेल, बर्नर स्वच्छ असेल. बर्नरवर काजळी धरली आणि त्याच दिवशी झडप बंद राहिली, तर आधीची दहा वर्षं कामाला येत नाहीत. हेल्मेटबद्दलही आपण पुण्यात अगदी असंच बोलतो.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. भाड्याच्या घरात गीझर हलवता येत नाही, भोक पाडायला मालक परवानगी देत नाही. म्हणूनच ही गोष्ट फक्त घरोघरच्या सुज्ञपणावर सोडू नये, असं माझं म्हणणं आहे.

सोसायटीने काय करावं

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतींना दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. लिफ्टची तपासणी होते, टाक्या धुतल्या जातात. याच यादीत आणखी तीन ओळी घालाव्यात. कोणत्या घरात गॅस गीझर आहे आणि तो नेमका कुठे बसवला आहे? कोणाच्या चिमणीचा पाइप कुठे उघडतो? वॉचमनच्या केबिनमध्ये रात्री ऊब कशाची?

वार्षिक सभेत एक ठराव करता येईल: नवीन गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवू देणार नाही आणि जुने वर्षभरात बाहेर हलवले जातील. भाडेकरूच्या घरात हे काम मालकाने करायचं. सदस्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर आपण तीन-तीन तास बोलतो, या ठरावाला वीस मिनिटं पुरतील. बिल्डरनेही स्वयंपाकघराच्या भिंतीत चिमणीच्या पाइपसाठी आणि बाहेरच्या गीझरसाठी जागा आधीच सोडावी. घर घेताना मॉड्युलर किचनचा रंग विचारतो, तसं हेही विचारा. गिऱ्हाईक विचारू लागलं, की नकाशात ते आपोआप येतं.

आणि एक वाक्य बाहेर जेवायला जाणाऱ्यांसाठी. ‘चुलीवरचं’ अशी पाटी बघून आपण गाडी थांबवतो. चव असते, नाकारत नाही. पण त्या चुलीसमोर दिवसभर भाकऱ्या थापणाऱ्या ताईंच्या डोक्यावर धुराडं आहे का, हे एकदा वळून बघा. नसेल तर बिल देताना मालकाला सांगा. पाच गिऱ्हाइकांनी सांगितलं तर तो नक्की ऐकेल.

आज संध्याकाळी दहा मिनिटांत

- चिमणीचा पाइप हाताने धरून शेवटपर्यंत जा. तो बाहेर उघडतो का, बघा.
- फिल्टर काढून बघा. बोट चिकटत असेल तर आजच धुवा.
- चिमणी लावून फिल्टरखाली कागदाचा कपटा धरा. तो चिकटला पाहिजे. पडला तर ओढ कमी आहे.
- गॅसची ज्योत बघा. निळी ठीक, पिवळी असेल तर बर्नर साफ करून घ्या.
- गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल, तर उद्यापासून पाणी आधी, अंघोळ नंतर.
- घरातल्या प्रत्येकाला, मुलांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगा: अंघोळीत डोकं जड झालं किंवा चक्कर आली, तर तसंच दार उघडून बाहेर यायचं. लाज नंतर, जीव आधी.

खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागू लागला किंवा स्वयंपाकघरात गेलं की छाती भरून येत असेल, तर जवळच्या डॉक्टरांकडून फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. आणि त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, की तुमच्या घरातला धूर कुठे जातो.